काकांच्या केअर होमचं रेटिंग का उतरलं

अगं, ये इकडे, अशी जवळ बस. बसशील कशी म्हणा, तू तिकडे ब्रॅकनेलमध्ये आणि मी इथे लंडनच्या टोकाला एजवेअरला, म्हणून लिहूनच बोलतेय. सख्ख्या बहिणीची मुलगी तू, पण मावशीकडे यायचं म्हटलं की तुझं कधी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज असतं, कधी ट्रेन्सचा संप असतो. काकांच्या केअर होमचं रेटिंग उतरलं ते मात्र तुला तिथे बसल्या बसल्या दिसलं. लगेच फोन. "मावशी, आउटस्टँडिंगचं नुसतं गुड झालंय, आपण काकांना दुसरीकडे हलवू या का?"

थांब जरा. हलवायचं की नाही ते ठरवण्याआधी ते उतरलं कसं हे ऐकून घे. तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण काकांनी मला बजावलं होतं, "कुणाला बोलू नकोस."

हे दुसऱ्यांदा पडले तेव्हाचं तुला आठवतच असेल. कंपवाताने पाय उचलेना, आणि हॉस्पिटलच्या सोशल वर्करने स्पष्टच सांगितलं की आता घरी एकटीला झेपायचं नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे केअर होम शोधायचं काम तुझ्या गळ्यात पडलं. तू माझ्या किचन टेबलावर लॅपटॉप उघडून बसलीस आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलंस. सरकारी तपासणीस येतात, पुष्कळदा न सांगता येतात. पाच गोष्टी बघतात: माणसं सुरक्षित आहेत का, काळजी घेतल्याने फरक पडतो का, वागणूक मायेची आहे का, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे करतात का आणि कारभार नीट चालतो का. प्रत्येकाला चारातला एक शेरा. आउटस्टँडिंग, गुड, सुधारणा हवी, आणि शेवटचा म्हणजे तिथे जाऊच नये असा. मग सगळ्यांचा मिळून एक. तो दाराशी लावावाच लागतो.

मी म्हटलं, "अगं, आमच्या शाळेतही इन्स्पेक्टर यायचे." मी शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी होते ना, पोरांना जेवण करून वाढायचे इतकी वर्षं. येणार असं कळलं की आदल्या दिवशी ओव्हनच्या मागचं सुद्धा घासायचो. तू हसलीस आणि म्हणालीस, "मावशी, हे न सांगता येतात, ओव्हन रोज घासावा लागतो." आणि मग वरच्या शेऱ्याची तेवढी ठेवून बाकीची सगळी नावं काढून टाकलीस. जवळचं, चालत जाण्यासारखं, तेही गेलं. राहिलं हे, दोन बस बदलून जायचं.

घर चांगलंच आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. स्वच्छ, बागेत गुलाब, मुली गोड बोलतात. पण हे वाळायला लागले. आधी मला वाटलं आजाराने असेल. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरायला लागली. नर्स म्हणाली वजन उतरतंय, डॉक्टरांनी दुधासारखं काहीतरी गोड, घट्ट प्यायला दिलं. असंच उतरत राहिलं तर चोवीस तास नर्स असलेल्या नर्सिंग होममध्ये पाठवावं लागेल म्हणाले, आणि ते तर आणखी लांब.

मी विचारायची, "अहो, जेवता का नीट?"

"जेवतो की. फार छान करतात."

"काय केलं होतं आज?"

"काहीतरी पांढरं होतं. छान होतं."

तुला काका माहीत आहेत. आयुष्यात कधी ताटावर बसून अन्नाला नाव ठेवलं नाही. आमच्या लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी आमटीत मीठच घातलं नव्हतं, तर दोन वाट्या प्यायले आणि नंतर मी जेवायला बसले तेव्हा मला कळलं. त्यांच्या आईची शिकवणच तशी. पण घरी निदान ताट रिकामं तरी करायचे. इथे हात थरथरतो, काटा-सुरी जमत नाही, उकडलेला कोबी घशाखाली उतरत नाही. मग दोन घास खायचे, "लव्हली, थँक यू" म्हणायचं आणि ताट पुढे सारायचं. ती पोरगी बिचारी काय करणार? लिहून ठेवायची, थोडं जेवले, समाधानी आहेत.

त्यांच्या शेजारी एक गोरा म्हातारा बसतो, क्रॉयडनला ट्राम चालवायचा. तो रोज जेवणाला शिव्या घालतो. "हे कुत्र्याला तरी घालाल का?" म्हणतो आणि ताट चाटूनपुसून साफ करतो, वर दुसऱ्यांदा पुडिंग मागतो. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. आमच्या स्तुती करणाऱ्याचं ताट भरलेलं, तिकडे कुणी बघत नाही.

आणि एका मंगळवारी तपासणीवाले आले. खरंच न सांगता. मी नेमकी तिथेच होते. एक जण मॅनेजरबरोबर ऑफिसात औषधांची कागदपत्रं बघत बसला, आणि त्याच्याबरोबरची बाई सगळ्यांशी बोलत फिरायला लागली. ती सरकारी नोकर नव्हती. तिची स्वतःची आई अशाच घरात राहून गेलेली, म्हणून अशा अनुभवी माणसांना ते बरोबर आणतात, हे तिनेच सांगितलं. खुर्ची ओढून यांच्यापाशी बसली.

"जेवण आवडतं का तुम्हाला?"

"व्हेरी नाइस."

"काही बदलावंसं वाटतं?"

"नो, नो. ऑल व्हेरी काइंड." आणि मला मराठीत, "अगं, बाईंना चहा विचार."

ती लिहायला लागली. मला राहवेना. म्हटलं, "माझा नवरा जेवणाबद्दल कधीच खरं बोलणार नाही. आमच्यात पाहुण्यासमोर अन्नाला नाव ठेवत नाहीत, आणि त्यांच्या हिशेबी तुम्ही पाहुण्या आहात."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "गप्प बस. त्यांची नोकरी जाईल."

"कुणाची?"

"त्या स्वयंपाक करणाऱ्याची. पोरंबाळं असतील त्याला."

बाईला मी तेही सांगितलं. ती हसली नाही. जेवण कसं आहे हे विचारणं तिने सोडूनच दिलं. म्हणाली, "घरी मंगळवारी तुम्ही काय जेवायचात?"

त्याचं उत्तर द्यायला यांना काय लाज. वरण-भात, वर लिंबू, तुपाची धार, मेथीची भाजी, आणि हाताने जेवायचो. हाताने, हे दोनदा सांगितलं. बोलता बोलता थरथरणारी बोटं भात कालवल्यासारखी फिरत होती. तिने ते सगळं बघितलं आणि लिहून घेतलं. उठताना मला बाजूला घेऊन म्हणाली की एकेकट्याची तक्रार सोडवणं आमचं काम नाही, ते तुम्ही मॅनेजरशी बोला, नाही ऐकलं तर कौन्सिलकडे जा. पण दिसलं ते आम्ही रिपोर्टात मांडतो.

मॅनेजर नवीन होती. दाराशी लावलेलं आउटस्टँडिंग तिच्या आधीच्या बाईने मिळवलेलं, काही वर्षांपूर्वीचं, हेही मला तेव्हाच कळलं. तू तारीख बघितली नव्हतीस गं, आणि मला तर बघायची असते हेच ठाऊक नव्हतं. पण ती ऐकणारी निघाली. तिने मला किचनमध्ये नेलं, आणि डिनर लेडी काय असते हे त्या शेफला पाच मिनिटांत कळलं. मुगाचं वरण, जिऱ्याची फोडणी, भात जरा मऊ. त्याची काही नोकरी गेली नाही.

रिपोर्ट नंतर आला. आधी पाचातल्या दोन गोष्टींत आउटस्टँडिंग होतं, आणि दोनांत असलं की एकूणही तेच मिळतं. त्यातल्या एकात, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे करण्यात, आता नुसतं गुड दिलं, आणि तेवढ्याने एकूण खाली आलं. आणखीही काही जणांनी काय काय सांगितलं होतं, पण हे दोन दिवस उदास. "आपण त्यांच्या घरात राहून त्यांचं नाव घालवलं," म्हणत होते. मॅनेजरच येऊन म्हणाली, "ते मी परत मिळवीन, तुम्ही आधी ताट संपवा." आणि संपवतात. बहुतेक दिवस. नर्स म्हणते वजन उतरायचं थांबलंय. ट्रामवाला आता यांच्या वरणालाही शिव्या देतो, एक वाटी मागून घेऊन.

तेव्हा हलवायचं नाव काढू नकोस. नवीन जागी नेलं तर हे पुन्हा लव्हली, थँक यू म्हणत बसतील आणि तिथल्या माणसांना कळेपर्यंत अंगावर काही उरायचं नाही.

एक मात्र राहिलंय. मी दुपारी नसले की हे अजूनही अर्धंच जेवतात. हाताने जेवायला लाजतात गं, सगळे काटे-चमचे घेऊन बसलेले आणि हे एकटेच. आदल्या दिवशी सांगितलं तर आपलंही ताट लावतात तिथे. तू लवकर ये. या रविवारीच ये, लॅपटॉप घरी ठेव, आणि काकांच्या शेजारी बसून हाताने वरण-भात जेव.