दर्यावरच्या माणसाचं ताट

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा कशावरच भरवसा उरला नव्हता, आणि आमच्या गावच्या त्या चालीवर तर मुळीच नाही. रायगडच्या खाडीकाठी आमचं मुसलमानांचं गाव, सगळी घरं दर्यावर पोट भरणारी. घरचा पुरुष दर्यावर असला की त्याच्या वाटणीचं रांधायचं, आणि मगरीबच्या, म्हणजे दिवस मावळतीच्या अजानेआधी ते कुणा वाटसरूच्या पोटात गेलं पाहिजे, घरच्यांनी त्या ताटाला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची चाल. गावात काय, दार उघडंच. कुणी ना कुणी येतं, जेवतं, दुआ देऊन जातं. पण इथे सौदीतल्या अल खफजीत, चौथ्या मजल्यावरच्या बंद दारामागे वाटसरू कुठून यायचा? सुरुवातीला मी डबा भरून इमारतीच्या राखणदाराला द्यायचे. तो बिचारा सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही. शेजारची हैदराबादी बाई, तिला मी बाजी म्हणते, म्हणाली, दीनमध्ये, आपल्या धर्मात, असलं काही नाही, दुआ कर, तेवढी पुरे. तिचंही काही चुकत नव्हतं. मग कधी मी ताट करायचे, कधी टाळायचे.

माझ्या लेकीचे, सानियाचे अब्बा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर फिटर आहेत. त्या दिवशी त्यांची पाळी संपली होती. सकाळी मेसेज आला, निघतोय, जेवायला घरी. त्यानंतर फोन बंद. दुपारी शमाल सुटला. हा इथला उत्तरेचा वारा एकदा उठला की समोरची इमारत दिसत नाही, दाराच्या फटीतून घरात वाळू येते. मी त्यांच्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, बोट प्लॅटफॉर्मवरच थांबली असेल, काळजी करू नका. असेल म्हणजे काय? आहे म्हणा की! तर म्हणे नेटवर्क नाही, आणि फोन ठेवून दिला मेल्याने.

मी परत नंबर लावायला घेतला. इतक्यात गावाहून सासूचा फोन. तिला वारा-बिरा काही ठाऊक नव्हतं. तिचं आपलं रोजचंच, ताट वाढलंस का? माझा तोल सुटला. म्हटलं, अम्मा, इथे तुमचा वाटसरू कुठून आणू, वाळूतून खणून काढू? ती म्हणाली,

"आणायचं काम तुझं नाही. तू वाढ."

मी रडत रडतच उठले. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुरमईचं कालवण केलं. सगळं लक्ष फोनकडे, काय टाकलं नि काय नाही, कळतच नव्हतं. ताट झाकून दाराशी ठेवलं. बाहेर वारा नुसता घोंगावत होता. सानिया म्हणाली, "अम्मी, यहाँ कोई नहीं आएगा।" लेकरू खरंच बोललं होतं. अजानेला थोडाच वेळ उरला होता. शेवटी तिचं बोट धरलं, ताट घेतलं आणि जिना उतरले.

खाली पायरीवर एक म्हातारे सौदी गृहस्थ बसले होते. तोंडाला रुमाल गुंडाळलेला, खोकून खोकून बेजार. धुळीत रस्ता दिसेना म्हणून गाडी उभी करून आडोशाला आले असावेत. मी वरच्या पायरीवरच थांबले. मी परक्या मुलखातली बाई, नवरा घरी नाही, आमचे इकामे, इथे राहायचे परवाने, नवऱ्याच्याच नावावर. अनोळखी पुरुषापुढे ताट करायचं तर तो काय समजेल? मी त्याला भिकारी समजले असं वाटलं, तक्रार केली, तर? परत फिरायला पाऊल उचललंही होतं. पण सासूचं बोलणं कानात होतं. बिस्मिल्ला म्हणून ताट त्यांच्यापुढे ठेवलं, "तफद्दल", घ्या, एवढंच म्हटलं आणि मागे सरून जिन्यात उभी राहिले.

त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि ताट अगदी निपटून खाल्लं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले,

"आता आपल्यात ऐश व मिल्ह झालं. सांग, तुझ्या घरी काय अडचण आहे?"

ऐश व मिल्ह म्हणजे भाकरी आणि मीठ. ज्याचं खाल्लं त्याची अडचण ती आपली, अशी इथल्या लोकांची जुनी रीत. माझा बांधच फुटला. मोडक्यातोडक्या अरबीत जमेल तसं सांगितलं, समुद्र, बोट, नवरा. त्यांचा पुतण्या किनाऱ्यावरच्या पहाऱ्यात नोकरीला निघाला. त्याला फोन झाला, मग त्याचे फोन झाले. थोड्या वेळाने त्यांनी फोन खाली घेतला आणि मला सांगितलं. ऑफिस समजत होतं बोट प्लॅटफॉर्मवर आहे, आणि प्लॅटफॉर्मवाले समजत होते ती कधीच किनाऱ्याला लागली. दोघेही निर्धास्त. बोट कुणी शोधतच नव्हतं.

अजान झाली. मी वर येऊन नमाजेला उभी राहिले, पण दुआ मागायला शब्दच सुचेनात. हात पसरून नुसतं म्हटलं, या अल्ला, तुझ्या हवाली. आयुष्यात इतकी रिकामी होऊन मी कधी बसले नव्हते. रात्रीची, इशाची नमाज झाली तरी फोन नाही. सानिया मांडीवर झोपून गेली. मग अनोळखी नंबर वाजला आणि पलीकडून घोगरा आवाज आला, "मी आहे." इंजिन बंद पडून बोट भरकटली होती, आत पाणी शिरत होतं, सगळे मिळेल त्या डब्याने पाणी उपसत होते. पहारेकऱ्यांनी एकूण एक माणूस बाहेर काढला.

धावत खाली गेले तर वारा पडलेला, म्हातारबाबा निघून गेलेले. त्यांचं नावही विचारलं नव्हतं. ताट तेवढं धुऊन पायरीवर पालथं घातलेलं होतं.

घरी आल्यावर सानियाच्या अब्बांना भांड्यात उरलेलं कालवण वाढलं. पहिला घास घेऊन ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मीठच नाही की यात." मी चाखलं. ठार अळणी! त्या माणसाने ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं होतं, आणि वर मिठाची आण पाळली होती.

दुसऱ्या दिवशी सासूला सांगितलं. मला वाटलं हसेल, नाहीतर रागवेल. ती म्हणाली, "मीठ तू विसरलीस, त्याने नाही."

लोक याला योगायोग म्हणतील, म्हणोत. मी कुणाशी वाद घालत नाही. बाजीनेही ऐकलं, आणि हल्ली कधीकधी ताट न्यायला ती खाली माझ्याबरोबर येते. सानियाचे अब्बा दर्यावर गेले की मी रांधते, मीठ दोनदा चाखून बघते आणि मगरीबच्या आधी ताट घेऊन जिना उतरते. पायरीवर कोण असेल याचा विचार करायचं मात्र मी सोडून दिलंय.