मागचा नांगर

दरवर्षी अमेरिकेतल्या इव्हान्सव्हिलच्या चर्चमधल्या बायका ऑर्विल डॉशला दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी सांगायला बसवत, आणि हा पठ्ठ्या दरवर्षी स्वतःचीच फजिती सांगे.

"आमचं जहाज म्हणजे तरंगता खोका. जहाज वाळूत रुतलं की इतर कप्तानांची नोकरी जायची, आमच्या कप्तानाला शाबासकी मिळायची! पुढचं दार उघडून रणगाडे, सैनिक उतरवायचे. मी मात्र जहाजाच्या शेपटाला. किनारा जवळ आला की मागचा नांगर सोडायचा, सगळे उतरले की त्याच्याच दोरानं जहाज मागे खेचायचं. तीन चढाया केल्या, त्याही शत्रूकडे पाठ करून! किनारा कसा होता ते माझ्या बायकोला विचारा, तिनं सिनेमात पाहिलाय."

सगळे खो खो हसले. गावात नवाच आलेला लंगडा एमिल मागून म्हणाला, "लाज कसली वाटून घेतोस, गड्या? मी सैनिक म्हणून इटलीत असल्याच जहाजातून उतरलो. आम्हीसुद्धा मागेच बघत होतो, जहाज आम्हाला सोडून निघालं की काय ते."

ऑर्विलचं हसू विरलं. खुर्ची ओढून तो एमिलसमोर जाऊन बसला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कुणाला तरी विचारलं,

"किनारा कसा होता रे?"