इराने वाचलेलं पान

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की खुसुखुसु हसणाऱ्यांपैकी मी. फार्मसिस्ट आहे, ऑकलंडला हिल्सबरोत राहते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय...

माझ्या आजोळी, कोकणात, गुढी मागच्या दाराला उभारतात. का, तर "आपली पद्धत." मीही इथे मागच्या डेकवरच उभारते. माझी लेक इरा इयर नाईनमध्ये आहे. तिला 'आमच्या घरातली प्रथा' असा प्रोजेक्ट होता. तिने ऑनलाइन एन्सायक्लोपीडियात आजोळच्या गावाचं पान वाचून लिहिलं — आमच्या आजोळच्या घरातली थोरली मुलगी कुसुम पाडव्याच्या सकाळी पुढच्या दाराने निघून गेली, परतली नाही. तिच्यासाठी ते दार मोकळं ठेवतात, म्हणून गुढी मागे.

टीचरची मेल आली. त्या पानावर असं काहीच नाही. सोर्स दाखवा, नाहीतर प्रोजेक्ट फेल. मी पान उघडलं. गाव, तालुका, जिल्हा... दोन ओळींत संपलं! पानात कोणी काय बदललं तेही तिथे बघता येतं. कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. माझं डोकंच फिरलं.

"एआयकडून लिहून घेतलंस ना?"

"नो, मम्मा! इट वॉज राइट देअर!" इरा रडायलाच लागली. ती थापा मारत नाही हो... पण मग?

शेवटी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. "आई, कुसुम कोण गं?"

भाजी निवडणारे आईचे हात थांबले. "तुला कोणी सांगितलं? ...माझी थोरली बहीण. आमच्या आईने ते दार मोकळं ठेवायला लावलं, पण नाव काढायची बंदी होती."

चाळिशी उलटली माझी, आणि आपल्याला अजून एक मावशी होती हे मला आत्ता कळत होतं! इराने हे कुठे वाचलं ते मी आईला सांगितलं.

आई हळूच म्हणाली, "त्यात... ती कुठे गेली ते लिहिलंय का गं?"

इराला मराठी कळतं. तिने डोळे पुसले. "येस, आजी. देअर वॉज हीप्स अबाउट हर. आय ओन्ली टुक द बिट आय नीडेड."

"मग आठव ना, बाळा!"

"सॉरी, आजी... आय जस्ट स्क्रोल्ड पास्ट."

आजीची मुलाखत सोर्स म्हणून चालली, प्रोजेक्ट पास झाला. मी मात्र अजून ते पान उघडून बघते. त्याच दोन ओळी. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. आई तर ते विचारतही नाही. रोज फोनवर एवढंच म्हणते, "आज काही आलं का गं पुढचं?"