अखजीच्या आदल्या दिवशीची आइसकांडी

"इंग्लिश शाळेतली पोरगी हाय दादा ते. तिले काय माहीत अखजीचं?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. बोलत होती माझी काकू, माझ्या बाबांशी. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, एरवी तिच्या तोंडून शब्द निघत नाही. बाबांच्या हातात स्टीलचा छोटा ग्लास होता आणि त्यात आंब्याची आइसकांडी, दोन घास खाल्लेली.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, दुसऱ्या दिवशी होती. त्या दिवशी आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात. तोवर घरात कुणी आंबा तोंडात घालत नाही. आजोबा गेल्या पावसाळ्यात गेले. ही त्यांच्या नावाची पहिली घागर होती आणि ती बाबा भरणार होते.

आइसकांड्या मीच केल्या होत्या. सुट्टीत पुण्याहून घरी आले की दर उन्हाळ्यात करते. टरबूज किंवा डांगराचा गर साखर घालून मिक्सरमधून काढायचा, चहाचे ग्लास भरायचे, आणि कडेने गोठायला लागलं की मधोमध चमचा उभा करायचा. घाई केली तर तो आडवा पडतो. लाइट जाते म्हणून कधी कधी दोन दिवस लागतात. मधे कुणी फ्रीजर उघडला की मी काही न बोलता जाऊन दार नीट लागलंय का बघून येते.

आंब्याची कल्पना काकूची. तिच्या माहेराहून, जळगाव जामोदहून, घागरीसाठी आंबे आले होते आणि आतल्या खोलीत पेंढ्यात झाकून ठेवले होते. घरभर वास होता.

"अवं, कापून खाल्ला तं आंबा. हा तं बर्फ हाय," ती म्हणाली.

"पण काकू, अखजी..."

"कोणाले सांगून राह्यलो आपन? दोनच करू. एक तुही, एक माही. भेतेस काय बे मॅडम?"

मी हसले. ती माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी, आणि त्या घरात मी मोकळेपणानं बोलते ती फक्त तिच्याशी. माझं बोलणं ऐकून बाकीचे 'पुण्याची मॅडम' म्हणतात. तीही म्हणते, पण पुढचं ऐकून घेते. नाही म्हणणं अवघड नव्हतं. मी म्हटलं नाही. दोन ग्लास आंब्याचे भरले आणि डांगराच्या ग्लासांमागे लपवले. रंग जवळजवळ सारखाच.

दुपारी बाबा देऊळघाटच्या शेतातून आले. कुणाला हाक न मारता त्यांनी फ्रीजरमध्ये हात घातला आणि अगदी मागचा ग्लास काढला. मागचं जास्त घट्ट असतं, हे त्यांना मीच सांगितलं होतं. दुसऱ्या घासाला ते थांबले.

"हे डांगर नाही," ते म्हणाले. "कोणं केलं हे?"

तेव्हा काकू ते वाक्य बोलली.

बाबा रागावले नाहीत. ग्लास त्यांनी ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे. आपनच शिकवलं नाही तिले."

काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं. तिची भीती मला कळत होती. आंबे तिच्या माहेरचे, ती घरची सून. बोल तिच्यावर आणि तिच्या माहेरावर आला असता. ती नुसतं 'चुकून झालं' म्हणाली असती, तरी मी गप्प बसले असते. पण तिनं माझ्याबद्दल सगळ्यांना आधीच खरं वाटतं तेच उचललं. ते खरं नाही, हे घरात एकटी तीच जाणत होती. आजोबा अखजीच्या आधी एकेक आंबा हुंगून परत पेंढ्यात ठेवायचे, मलाही हुंगायला द्यायचे आणि "उद्या, बाई, उद्या" म्हणायचे. हे मी फक्त तिला सांगितलं होतं. कांड्या भरताना, त्याच ओट्यापाशी.

गप्प राहिले असते तर मी सुटले असते. बाबा चूळ भरायला मोरीकडे वळले. मी दाराआडून बाहेर आले. काकूनं मान हलवली, नको म्हणून.

"बाबा, मला माहीत होतं," मी म्हणाले. "आम्हां दोघींनाही माहीत होतं."