जव्हारच्या वाटेवरची पंगत

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी नोकरी एका जेवणामुळे लागली. ऐका, आणि हसायचं तर हसून घ्या.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं. बाबांनी ते आपल्या साहेबांना सांगितलंच नाही! कंपनीत वीस वर्षं मान खाली घालून काढलेला माणूस, खरं बोलायची सवय राहणार कुठून? "पोरगा टुरिझम करतो," म्हणून ठोकून दिलं. साहेबांनी मला कुठेतरी चिकटवावं, एवढाच हेतू.

साहेब मला म्हणाले, "मग दाखव की जव्हार!"

तळी, डोंगर, संस्थानाचं जुनं गाव. मी बोईसरजवळच्या आमच्या सालवडच्या पलीकडे काय पाहिलं होतं? मोबाइलवर वाचलं आणि गाडीत साहेब-बाबांपुढे ठोकत सुटलो. धामणीचं सरकारी धरण म्हणजे राजाने राणीसाठी बांधलेलं तळं! साहेब मान डोलवत होते. खुर्ची मोठी असली की शंका विचारायला लाज वाटते ना!

दीडला साहेबांना भूक लागली. एका गावात मांडव दिसला, पंगत बसलेली.

मी म्हटलं, "हेच ते! इथलं गावरान जेवण फेमस आहे."

बसलो. कोणी हटकलं नाही. साहेबांना लोणचं हवं झालं. मी वाढणाऱ्या टकल्या पोरावर खेकसलो, "ए दादा, गिऱ्हाईक बसलंय, लोणचं आण!"

तो शांतपणे म्हणाला, "लोनचं नाय दादा. भात घ्या आजून."

हात धुतोय तोच लाउडस्पीकर बोलला, "आप्पांच्या बाराव्याला जमलेल्या मंडळींनी दोन शब्द बोलावेत." मग दिसला हार घातलेला फोटो. टकल्याचा बाप!

एक म्हातारा जवळ आला. "तुमी आप्पांचे कोन?"

बाबांची पापणीही लवली नाही. "जुने स्नेही. बोईसरचे."

"मंग बोला की!"

साहेबांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. "हा बोलेल." जन्मभर मला 'तोंड बंद ठेव' म्हणणारा माणूस!

उघडलं तोंड. "आप्पांनी पोराला कधी खोटं वागायला लावलं नाही. पोरगा नापास झाला तरी चारचौघांत त्याची लाज वाटून घेतली नाही. साहेबापुढे कधी वाकले नाहीत…"

बाबा जमिनीकडे बघत होते. मांडव मात्र रडायला लागला! टकल्याने येऊन मिठीच मारली, "आमचा बाबा असाच होता."

परतताना गाडीत बसलो. गेली नोकरी, म्हटलं. बोईसर आल्यावर साहेबांनी पाठ थोपटली. "ओळख ना पाळख, आणि रडवलंस सगळ्यांना! उद्यापासून ये."

वर्ष झालं. प्लांटमध्ये कोणी दगावलं की घरच्यांनी गेटवर येऊन आरडाओरडा करू नये, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन बोलतो. बाबा सांगत फिरतात, "पोरगा मॅनेजमेंटमध्ये आहे."

परवा बेटेगावला एका बाईकडे गेलो होतो, तिचा नवरा प्लांटमध्ये गेलेला. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "तुमी आशे किती घरी जाता?"

मी म्हटलं, "चहा छान झालाय."