दवंडी वेशीपर्यंतच

पत्रक मीच लिहिलं होतं, म्हणून आधी माझ्याच नावानं बोंब मारतो.

‘पूर येण्याआधी’ हा त्याचा मथळा. नालवाडीतल्या आम्हा कार्यकर्त्यांच्या खोलीत बसून लिहिलं, वर्ध्याला छापलं. पहिलंच वाक्य ठळक टाइपात: दवंडी ऐकताच घर सोडा, शाळेच्या टेकाडावर जा. पंचायतीनं दवंडीचा ठराव करावा म्हणून तळेगावाकडच्या एका गावी मी किती खेपा घातल्या! शेवटी ठराव झाला. सरपंचांनी चहा पाजला. मी खूश.

त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दवंडीचं दफडं वाजवणारी माणसं वेशीबाहेर, नदीकाठच्या खोलगट वस्तीत राहत. नुकतीच ती बौद्ध झाली होती आणि गावकीची कामं त्यांनी टाकून दिली होती, दफडंही. बरोबरच केलं. पंचायतीनं दुसरा गडी नेमला. हे सगळं मला ठाऊक होतं. तो गडी फिरतो कुठपर्यंत, एवढं मात्र मी विचारलं नाही.

श्रावणात भर दुपारी नदी फुगली. दवंडी झाली. वेशीपर्यंत! पूर्वी वाजवणाराच वस्तीतून निघायचा, त्यामुळे वस्तीला खबर आपोआप असायची. नवा गडी वेशीवरून मागे फिरला. खाली वस्तीत एका म्हातारीला तिच्या सुनेनं माझं पत्रक वाचून दाखवलं होतं. नदी चढताना दिसत होती, तरी दोघी दवंडीची वाट पाहत बसल्या. पाणी मागच्या नाल्यानं शिरलं आणि भिंत खचून म्हातारीच्या पायावर पडली.

हे कळताच मी तडक सरपंचांकडे गेलो.

“दवंडी झाली ना, बापू! वहीत लिवलं हाय.”

“वस्तीत झाली का?”

“तिथं कोन जाईन? काम त्यायनंच सोडलं. आता बोंबलून काय फायदा?”

“माणूस मेलं असतं!”

“मेलं तं नाई ना? तू गरम कायले होऊन राह्यला? चहा घे.”

चहा तसाच ठेवून वस्तीत उतरलो. म्हातारी खाटेवर होती, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या.

“बाबू, तुह्या कागदात तं लिवलं होतं, दवंडी होईन म्हनून. मंग काऊन नाई झाली?”

मी ठराव, वही, गडी असं काहीबाही बोललो.

“माह्या नवऱ्यानं जलमभर गावाले सांगतलं. आमाले सांगाले कोनाचे पाय दुखले?”

परत येऊन उरलेल्या पत्रकांवरचं ते ठळक वाक्य शाईनं खोडलं. वर हातानं लिहिलं: पाणी चढताना दिसलं की निघा. दवंडीची वाट पाहू नका. लिहिताना स्वतःचाच इतका संताप आला की दोन-तीन कागद फाटले.

पहिला गठ्ठा वस्तीत नेला. सुनेनं मोठ्यानं वाचलं. म्हातारीनं ऐकलं, पाय जरा सरकवला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “हे पह्यलेच लिवाले काय झालं होतं?”