हातात धरलेलं ताट

दानेश्वरीला पंगत बघायची होती. जेवायची नव्हे, नुसती बघायची.

लग्न होऊन ती हातकणंगल्याहून कोल्हापुरात आली, ती मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरात. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, तिनं विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. प्रबंधाचा विषय तिचा तिनंच शोधला होता : निवडणुकीच्या जेवणावळी. सासरी आल्यापासून तिनं हे जेवण पाहिलं होतं, पण मागच्या दारानं. कुठलाही उमेदवार असो, माळकऱ्यांचा आणि शाकाहारी लोकांचा स्वयंपाक त्यांच्यासारख्या लिंगायताच्या घरी सांगायचा, म्हणजे तो सगळ्यांना चालतो. वांग्याची भाजी, मसालेभात, शिरा. पातेली भरून मांडवात जायची आणि खरवडलेली परत यायची. मधे काय झालं ते बायकांना कधीच कळायचं नाही, कारण बायकांना बोलावणंच नसायचं.

"कोण कुणाशेजारी बसतं, आधी कुणाला वाढतात, उमेदवार स्वतः कुणाच्या पानाशी येऊन आग्रह करतो, ते बघून या," तिच्या मार्गदर्शक लीला मॅडम म्हणाल्या. "चुलीपुढं बसून अर्धाच प्रबंध होईल. हा नीट झाला तर पुढं पीएच.डी.ला मी तुम्हाला सोडणार नाही."

हे शेवटचं वाक्य दानेश्वरी भाकरी थापताना मनात घोळवायची.

त्या वर्षी कागलकडं एका साखर कारखान्याची निवडणूक लागली. वर्गातली अंतरा तिथलीच. तिच्याबरोबर दानेश्वरी भर दुपारी मांडवात गेली. मटणाचा मांडव होता. ती कडेला उभी राहिली, तोवर एक फेटेवाले आजोबा ताट घेऊन पुढं आले.

"घ्या पावणं. उभ्या का?"

"नको, मी..."

"नको? का ओ? तिकडच्या पार्टीच्या काय?"

आजूबाजूच्या माना वळल्या. मांडवात ताट नाकारलं की मत नाकारलं. अंतराच्या घरच्यांना त्याच गावात राहायचं होतं. दानेश्वरीनं ताट घेतलं. रश्श्यावरचा तवंग थिजेपर्यंत ते हातात धरून ती पंगती बघत राहिली. इतकं स्पष्ट तिला आयुष्यात कधी काही दिसलं नव्हतं.

त्याच मांडवाबाहेर शिवाप्पा उभे होते, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी तिच्या हातातलं ताट तेवढं बघितलं. ती घरी पोचण्याआधी त्यांचा फोन पोचला होता.

सासूबाई, बसम्मा, सोप्यातच बसल्या होत्या. "खाल्लंस?"

"न्हाय अत्ती. नुसतं धरलं हातात."

"धरलंस तरी कशाला?"

"न्हाय म्हटलं असतं तर दुसऱ्या पार्टीची म्हणाले असते."

"आणि आता आमच्यातली कसं म्हणायचं तुला?"

नवरा, शशिधर, मधे पडला. "अव्वा, शिकू दे की तिला. विषय तेवढा बदलेल ती." आणि दानेश्वरीकडं न बघता म्हणाला, "बदलशील न्हवं?"

तिला वाटलं, तो आणखी एखादं वाक्य बोलेल. तो आंघोळीला गेला.

सणावारांचे पदार्थ आणि त्यांचं सामाजिक महत्त्व, असा नवा विषय झाला. पहिला वर्ग मिळाला. बसम्मांनी गल्लीत पेढे वाटले, पदवीचा फोटो शशिधरनं स्वतः भिंतीला लावला. लीला मॅडमनी अभिनंदन केलं, पीएच.डी.चं नाव काढलं नाही. दानेश्वरीनंही काढलं नाही. लोणच्याच्या कैऱ्या चिरताना मात्र तिला मधूनच तो मांडव दिसायचा आणि चिरायचं राहून जायचं.

दोन हजार पाच साली महापालिकेत त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. तिथले आधीचे नगरसेवक हंबीरराव, त्यांनी सुनेला उभं केलं. बाई उमेदवार म्हणून गल्लीतल्या बायकांनाही जेवणाचं बोलावणं आलं. बसम्माच म्हणाल्या, "जा गं. शाकाहारी वेगळं हाय म्हणं."

ती बसली. मधे कनात, पलीकडं मटण. मागच्या गल्लीतल्या बायका टोकाला, त्यांच्याकडं वाढपी शेवटी. उमेदवार सून पदर खोचून भात वाढत होती. हात जोडून मतं मागत होते ते हंबीरराव.

"काय बघायलायसा? जेवा की," शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या.

"तुम्हाला बोलावणं कुणी दिलं हो? घरी येऊन दिलं, का निरोप धाडला?"

"निरोप. का ओ? पेपरात लिहिता काय तुम्ही?"

"न्हाय. सहज इचारलं."

दानेश्वरीनं एक घास घेतला. तो गिळून होईपर्यंतच काय ती थांबली.

"आणि तुमच्या सूनबाई कुठं बसल्यात?"